ढवळ्याला वळायला सांगायचं कसं? सीमाभागातल्या एका मराठी शाळेतलं प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, घाटाच्या अलीकडं आमची सरकारी उच्च प्राथमिक मराठी शाळा आहे. वर्ग सातवीपर्यंत. पुस्तकं कर्नाटक सरकारची, भाषा मराठी. आवार एकच, पण त्यात शाळा दोन: पूर्वेकडच्या खोल्यांत कन्नड माध्यम, पश्चिमेकडच्या खोल्यांत आम्ही. मैदान, बोअरवेल आणि दुपारच्या जेवणाचं स्वयंपाकघर सामाईक. मी सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. दोन्ही वर्ग मिळून तेवीस मुलं. इथं लिहितेय ती एका वर्षातल्या एका यंत्राची हकिगत, आणि त्या यंत्राभोवती माझ्या वर्गात काय घडलं ती. मुलांची नावं घेत नाही. ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त सांगायचंय, त्याला मागच्या बाकावरचा मुलगा म्हणते.

आधी आलेला पाहुणा

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका देणगीदारांनी शाळेला बोलणारा रोबोट दिला. उंची दोन-अडीच फूट, तोंडाच्या जागी पडदा, पडद्यावर डोळे. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, अध्यक्षांनी नारळ फोडला. पोरं ओट्यावर दाटीवाटीनं बसली. एकानं विचारलं, "तुझं गाव कंचं?" रोबोटला इंग्रजी आणि हिंदी येत होतं, मराठी नाही. आपल्याला समजलं नाही, एवढं तो इंग्रजीत म्हणाला. पोरानं तेच आणखी मोठ्यानं विचारलं, उत्तर तेच आलं. पुढच्या आठवड्यात पावसानं नेटवर्क गेलं आणि इंटरनेटशिवाय त्याला तेवढंही बोलता येईना. आता तो ऑफिसातल्या कपाटाशेजारी उभा आहे, अंगावर चादर टाकलेली.

देणाऱ्यांचं मन मोठं होतं, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मला खुपलं ते वेगळंच. तो मुलगा घरी, शेतात, देवळात, सगळीकडं ज्या भाषेत धीटपणे बोलतो, त्याच भाषेत त्यानं विचारलं होतं आणि सगळ्यांसमोर तो चुकल्यासारखा झाला. आमच्या मुलांना हे नवं नाही. तालुक्याच्या कचेरीत गेलं की फलक कन्नड, अर्ज कन्नड. मोबाइल उघडला की इंग्रजी. 1956 पासून चाललेल्या आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमावादात मी इथं शिरत नाही. एवढंच सांगते, की 'तुझी भाषा इथं चालत नाही' हे आमच्या मुलाला शाळेच्या ओट्यावरसुद्धा ऐकावं लागलं, आणि तेही एका यंत्राकडून. ते मला सोसलं नाही.

त्याच महिन्यात एका पालकानं एसडीएमसीच्या बैठकीत विचारलं, "टीचर, उद्या तुमच्या जागी हेच मशीन बसवणार काय वो?" प्रश्न भाबडा नव्हता. आमच्याकडं जागा रिकाम्या असतात, अतिथी शिक्षकांवर भागतं. मी घरी जाऊन वाचायला बसले. नेदरलँड्समध्ये सुमारे दोनशे लहान मुलांना इंग्रजी शब्द शिकवून पाहिले होते, काहींना टॅबलेट आणि सोबत माणसासारखा रोबोट, काहींना नुसता टॅबलेट. 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दोन्हीकडं मुलं शिकली, पण रोबोट असलेली मुलं काही जास्त शिकली नाहीत. पुढच्या बैठकीत मी त्या पालकांना हेच सांगितलं आणि म्हटलं, "माझ्या जागेची काळजी करू नका. मशीन कुठल्या जागेवर बसवायचं तेवढं मला शोधू द्या."

उद्यमबागेतून आलेली चाकं

आमचाच एक माजी विद्यार्थी बेळगावात इंजिनिअरिंग शिकतो. दसऱ्याच्या सुट्टीत गावी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "मला बोलणारं काही नको. सांगितलेलं ऐकणारं हवं. पुढं जा म्हटलं की जाईल, वळ म्हटलं की वळेल, आणि जाईल तिथं रेघ ओढेल."

ही कल्पना माझी नव्हे. 1967 मध्ये अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा तयार केली. थोड्याच काळात तिच्या आज्ञेवर जमिनीवर चालणारं आणि पोटातल्या पेनानं रेघ काढणारं यंत्रही आलं. त्याला ते कासव म्हणत. पेपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंसोबत काम करून आलेले. त्यांचं म्हणणं असं, की कासव कसं वळेल हे मुलाला स्वतःच्या अंगानं चालून बघता येतं, म्हणून भूमिती त्याला आतून कळते. हे वाक्य मी बी.एड.ला असताना पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला कळला नोव्हेंबरात, व्हरांड्यात. ते पुढं येतंच.

पहिला गाडा आमचा फसला. त्यात बाजारात सगळीकडं मिळणाऱ्या साध्या पिवळ्या मोटारी होत्या. अमुक इतका वेळ फिर म्हणजे काटकोनात वळशील, असा हिशोब. सेल नवे असताना बरोबर वळायचा, तासाभरात सेल उतरले की अर्धवट वळून थांबायचा. पोरं म्हणायची, "भूक लागलीय त्याला." आठ दिवस आम्ही सेल बदलत राहिलो. मग त्या माजी विद्यार्थ्यानं, पोरांच्या दादानं, मोटारीच बदलल्या. आता बसवल्या त्या स्टेपर मोटारी, पावलं मोजत फिरणाऱ्या. एका फेऱ्याला 2048 पावलं. सेल उतरोत की चढोत, पावलांचा हिशोब हलत नाही. चाल मात्र सावकाश: वीस सेंटिमीटरची रेघ ओढायला सहा-सात सेकंद लागतात. मला ते फार उपयोगी पडलं, कारण तेवढ्या वेळात 'आता कुठं वळेल?' यावर वर्गात पैज लागते.

चाकं 65 मिलिमीटर व्यासाची, पण त्यांचं भोक मोटारीच्या दांड्यावर बसेना. सातवीतल्या एका मुलीचे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतात. त्यांनी रविवारी पितळेचे दोन जोडतुकडे कातून आणून दिले, पैसे घेतले नाहीत. आज्ञा द्यायला दादानं सोळा बटणांचा कीपॅड बसवला. त्यातल्या अक्षरांच्या चार बटणांवर आम्ही चिकटपट्टी लावून लिहिलं: पुढं, डावीकडं, उजवीकडं, चल. बाकीच्या बटणांवर आकडे होतेच. वीज मोबाइलच्या पॉवर बँकेतून. इंटरनेट नको, लॅपटॉप नको. सगळा खर्च दोन हजारांच्या आत बसला. शाळेत मुलांनी स्वतः यंत्रं घडवून बघावीत म्हणून केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 पासून आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे आणि निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. आमच्या शाळेत ती लॅब नाही. पण लॅब येईपर्यंत थांबले असते तर ही तेवीस मुलं तोवर शाळा सोडून गेली असती.

नाव पोरांनीच ठेवलं: ढवळ्या. मागच्या बाकावरच्या मुलानं पहिल्याच दिवशी एक वाक्य टाकलं होतं, जे मी वहीत लिहून ठेवलं. "आमचा ढवळ्या बांधाला आला की आपसूक वळतोय. ह्याला न्हाई कळत, ह्याला सांगाय लागतंय." सगळ्या वर्षभराचं सार त्यातच होतं. बैलाला कासरा नुसता हलवला तरी पुरतो, कारण उरलेलं त्याला माहीत असतं. या ढवळ्याला काहीच माहीत नाही. किती सेंटिमीटर, किती अंश, कुठल्या अंगाला, हे सगळं बोलावं लागतं. आणि जे बोलायचं राहिलं, ते तो करत नाही.

व्हरांड्यातला त्रिकोण

नोव्हेंबरातला तिसरा आठवडा. पाऊस संपलेला, फरशी कोरडी. चार ड्रॉइंग शीट चिकटपट्टीनं जोडून व्हरांड्यात अंथरली. नियम एक: आधी पाटीवर लिहायचं, मग बटणं दाबायची.

सातवीतल्या हुशार मुलीनं समभुज त्रिकोण मागून घेतला. तिला माहीत होतं की त्याचा प्रत्येक कोन साठ अंशांचा. पाटीवर तिनं लिहिलं: पुढं 20, उजवीकडं 60, आणि हेच आणखी दोनदा. चल दाबलं. ढवळ्या निघाला. पहिली रेघ सरळ. थांबला, वळला, दुसरी रेघ काढली. पण ती आत वळायच्या ऐवजी बाहेरच पसरली. तिसरी आणखी बाहेर. शीटवर उघड्या ताटलीची अर्धी कड काढल्यासारखं काहीतरी झालं.

"टीचर, बिघडलाय बगा. साठ सांगितलं तरी चुकूलाय."

मी गप्प राहिले. खरं सांगते, गप्प राहणं मला जड गेलं. सोळा वर्षं शिकवतेय, बाह्यकोन शब्द जिभेवर येऊन थांबला होता. एकानं कोनमापक आणून ढवळ्याचं वळणं मोजलं. बरोबर साठच. मग सगळेच गप्प.

तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा उठला. या मुलाबद्दल थोडं सांगायला हवं. रोप लावणीच्या दिवसांत तो महिनाभर शाळेत नव्हता, दरवर्षी नसतो. वाचताना अडखळतो, म्हणून हात वर करत नाही. तो शीटच्या कडेला आला आणि बोलायच्या आधी चालला. फरशीच्या एका रेघेवरून तीन पावलं टाकली. थांबला. तोंड पुढंच. मग उजवा हात मागं तिरका धरला, जिकडं दुसरी बाजू जायला हवी तिकडं, आणि पाय जागेवरच ठेवून त्या हाताच्या दिशेला हळूहळू वळायला लागला. काटकोन झाला तरी हात पुढंच होता. आणखी वळला.

"माझं तोंड हितं हाय," तो म्हणाला. "आन जायचंय तितं. साठात नाही व्हत. लई वळाय लागतंय."

"किती लई?" मी एवढंच विचारलं.

त्यानं खडूनं फरशीवर आपल्या पायाशी दोन रेघा काढल्या. एक जिकडं तोंड होतं ती, पुढं वाढवलेली. दुसरी जिकडं जायचं ती. हुशार मुलगी खाली बसली, कोनमापक लावला आणि तिनंच मोठ्यानं म्हटलं, "एकशे वीस!" मग क्षणभर थांबून, स्वतःशीच: "साठ आत हाय. एकशे वीस बाहेर. मिळून एकशे ऐंशी, सरळ रेघ." पाटी पुसली. पुढं 20, उजवीकडं 120. ढवळ्यानं त्रिकोण मिटवला.

तेवढ्यात सहावीतल्या एकानं जुन्या, चुकलेल्या आकृतीकडं बोट दाखवलं. "ते तसंच चालू ठेवलं तर?" ठेवलं. साठ-साठ वळत ढवळ्या सहाव्या रेघेला सुरुवातीच्या ठिपक्याशी आला. चूक म्हणून टाकून दिलेल्या रेघांचा षट्कोन झाला होता. त्या दिवशी घंटा झाली तरी कुणी हललं नाही. चौकोनाला नव्वद, चारदा. पंचकोनाला किती? 72, पाचदा. सगळ्यांची बेरीज 360. "म्हणजे घरी परत यायचं तर एक फेरा पुरा करायलाच लागतोय," असं पोरांनीच म्हटलं. दोन दिवसांनी दिवाळीच्या आकाशकंदिलावरची चांदणी काढायला घेतली. तिला 144 अंश, पाचदा. बेरीज 720 आली तेव्हा ज्यांना वाटलं नियम मोडला, त्यांना मागच्या बाकावरच्या मुलानं चालून दाखवलं: चांदणीभोवती तो दोनदा गरकन फिरला होता.

यात मी शिकवलं काय? शीट जोडली आणि गप्प राहिले. यंत्रानं शिकवलं काय? त्यानं तर नुसतं ऐकलं. सांगितलं त्याच्या एक अंशही इकडं तिकडं केलं नाही, म्हणून सांगणाऱ्याला आपलं बोलणं तपासावं लागलं. माणसासमोर ही मुलगी 'साठ' म्हणाली असती तर तिला काय म्हणायचंय ते मी समजून घेतलं असतं, आणि तिथंच सगळं संपलं असतं. आम्ही शिक्षक फार लवकर समजून घेतो.

स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठात एक प्रयोग झाला होता: अक्षर वाईट असलेला रोबोट मुलांपुढं ठेवायचा आणि मुलांनी त्याला अक्षर गिरवायला शिकवायचं. ज्या मुलांना स्वतःच्या अक्षराची लाज वाटते, ती इथं गुरुजी होतात. मला आमच्या या मुलाचं तेच झालेलं दिसलं. ढवळ्यापुढं तो कच्चा विद्यार्थी नव्हता, तो सांगणारा होता. डिसेंबरपासून पाटीवर आज्ञा लिहिता याव्यात म्हणून तो शब्द विचारायला माझ्या टेबलापाशी यायला लागला. याआधी तो कधी टेबलापर्यंत आला नव्हता.

चौकोन मिटेना तेव्हा

ही गोष्ट त्रिकोणाच्या आधीची. सुरुवातीला चौकोनाचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला बोटभर चुकायचं. दादानं चाकांमधलं अंतर मुद्दाम 13 सेंटिमीटर ठेवलं होतं, चाकाच्या व्यासाच्या बरोबर दुप्पट, म्हणजे जागच्या जागी पूर्ण गिरकीला प्रत्येक चाकाचे दोन फेरे, 4096 पावलं. हिशोब देखणा, पण रेघ मिटत नव्हती. मग आम्ही ढवळ्याच्या नाकासमोर खडूनं बाण काढला आणि त्याला दहा गिरक्या घ्यायला लावल्या. दहाव्या गिरकीनंतर तो बाणापासून पाव गिरकी मागं राहिला. पाव म्हणजे दहा गिरक्यांचा चाळिसावा भाग. सातवीच्या मुलांनी त्रैराशिक मांडलं: 39 भाग वळायला 4096 पावलं, तर 40 भागांना किती? उत्तर आलं 4201. दादानं फोनवरून सांगितलं कुठं बदलायचं ते, आणि चौकोन मिटला. कारण नंतर सापडलं: टायर रुंद असतो, तो नेमका मधल्या रेघेवर टेकत नाही, त्यामुळं चाकांमधलं खरं अंतर तीनेक मिलिमीटर जास्त भरत होतं. पुस्तकातलं त्रैराशिक मजूर आणि दिवसांचं असतं. हे मुलांनी स्वतःच्या गरजेपोटी मांडलं होतं, आणि उत्तर बरोबर की चूक ते मला विचारावं लागलं नाही, रेघेनंच सांगितलं.

येडक्के, बलक्के

मधल्या सुट्टीत कन्नड शाळेची मुलं व्हरांड्याच्या कठड्याला लोंबकळून बघायची. एक दिवस त्यांच्या बाई म्हणाल्या, "आमच्या पोरांना पण घ्या की." आम्ही बटणांच्या पट्ट्यांवर मराठीखाली कन्नड लिहिलं. खेळ असा ठरला: कन्नड शाळेतल्या मुलानं बोलायचं, मराठी शाळेतल्या मुलानं बटण दाबायचं, मग उलट.

मुंदे म्हणजे पुढं, हे लगेच बसलं. डावीकडं म्हणजे 'येडक्के' म्हटल्यावर आमची पोरं हसून लोळली, त्यांना 'येडं' ऐकू आलं. पण हसलेला शब्द विसरत नाही. बलक्के म्हणजे उजवीकडं. एक मुलगी म्हणाली, "उजव्या हातात बळ असतंय, म्हणून." त्या बाईंनी सांगितलं की कन्नडमध्येही बल म्हणजे ताकदच. थांब म्हणजे निल्लु. आमच्या भागात जंगलाकडच्या गावांतून कन्नड कानावर कमी पडतं, आणि कन्नडच्या तासाला मुलं तोंड उघडत नाहीत, चुकलं तर हसतील म्हणून. इथं शब्द चुकला तर ढवळ्या चुकीच्या अंगाला वळायचा. मुलं त्याच्यावर ओरडायची, एकमेकांवर नाही.

आणि कन्नड मुलांच्या तोंडी 'डावीकडं' बसलं, याचा मला तितकाच आनंद आहे. आमची मराठी त्यांनी खेळासाठी मागून घेतली. मराठी शाळा टिकावी म्हणून मी रोज झटते. ती शेजारच्याशी बोलून जास्त टिकेल असं मला त्या व्हरांड्यात वाटलं.

जे जमलं नाही

ढवळ्यामुळं पाढे सुधारले नाहीत. भागाकार जिथं होता तिथंच आहे. पहिले तीन आठवडे कीपॅड मुलग्यांनी पोरींच्या हाती लागूच दिला नाही आणि माझ्या ते उशिरा लक्षात आलं. मग फळ्यावर पाळी लावली. चाळीस मिनिटांच्या तासात तेवीस मुलं आणि एक यंत्र, त्यामुळं नुसतं बघत राहणारी मुलं उरायचीच. फेब्रुवारीत पोर्शन दोन धडे मागं होता, ते शनिवारी भरून काढले. सीआरपी, म्हणजे शाळांना भेटी देणारे शिक्षण खात्याचे मार्गदर्शक, आले त्यांनी फोटो काढला आणि पोर्शनबद्दल विचारलं. दोन्ही रास्तच. आणि याला मी संशोधन म्हणत नाही: तुलनेला दुसरा वर्ग नव्हता, मोजायला मीच होते. जानेवारीत एका मोटारीच्या आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात गेले आणि बेळगावातून नवी येईपर्यंत ढवळ्या बारा दिवस लंगडा बसून होता.

मार्चमधली पाटी

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मागच्या बाकावरचा मुलगा एकटाच व्हरांड्यात बसला होता. त्याला गोल काढायचा होता. ढवळ्याला गोल कळत नाही, फक्त सरळ आणि वळ कळतं. त्यानं पाटीवर लिहायला घेतलं होतं: पुढं 1, उजवीकडं 1. मग थांबून हिशोब केला की असं 360 वेळा लिहावं लागेल आणि गोल शीटबाहेर जाईल. खोडलं. पुढं 1, उजवीकडं 10. छत्तीस वेळा. पाटीची एक बाजू भरली, दुसरी भरली, मग खाली फरशीवर खडूनं ओळी. हाताचा तळवा पांढरा झाला होता. मी जवळ जाऊन बसले तेव्हा तो एकविसाव्या ओळीवर होता, आणि एकही शब्द चुकीचा लिहिलेला नव्हता.

"टीचर," पाटीवरून मान वर न करता तो म्हणाला, "दादाला सांगा की. 'हेच परत कर' असं एक बटण पायजे."

मी तिथंच बसून दादाला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.